आइसलंडचा चौथा नंबर

दर चार वर्षांनी, ऑलिम्पिकचा दुसरा आठवडा लागला की फोनवर एक तक्ता फिरायला लागतो. देश, लोकसंख्या, पदकं आणि शेवटच्या रकान्यात दर कोटी माणसांमागे किती पदकं. वरच्या ओळीत कॅरिबियन समुद्रातलं एखादं बेट असतं, तळाला आपण. खाली कुणीतरी लिहितं, ‘140 कोटी आणि एवढंच?’ दोन दिवस त्यावर वाद होतो, तिसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू होतं.

मी त्या तक्त्यात आइसलंड शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाही, कारण ज्यांना त्या खेपेला काहीच मिळालं नाही त्यांना तक्त्यात जागा नसते. आइसलंडची आजवरची ऑलिम्पिक पदकं चार. 1956 ला मेलबर्नमध्ये तिहेरी उडीत विल्यालमुर एइनार्सनचं रौप्य, 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये ज्यूदोचं ब्राँझ, 2000 ला सिडनीत पोल व्हॉल्टमध्ये वाला फ्लोसादोत्तिरचं ब्राँझ, आणि 2008 ला बीजिंगमध्ये हँडबॉलच्या संघाचं रौप्य. सुवर्ण एकही नाही. पोहण्यात तर काहीच नाही. ज्या देशात पोहायला शिकणं हा लिहिण्यावाचण्याइतकाच शाळेचा भाग आहे, त्या देशाच्या खात्यावर पोहण्याचं शून्य.

मला त्या शून्याची बाजू घ्यायची आहे. आणि ती घेताना, ते शून्य पुसण्याच्या अगदी उंबऱ्यापाशी पोचलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यातून आपले दोन आवडते समज एकदमच खोटे पडतात.

त्याचं नाव अर्न आर्नारसन. अर्न म्हणजे गरुड. आर्नारसन म्हणजे अर्नचा मुलगा; वडलांचंही नाव तेच. तिथे सहसा आडनाव नसतं, बापाचं किंवा कधी आईचं नाव आणि त्याला जोडून ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’, मुलगा किंवा मुलगी. आपल्या मधल्या नावाचीच तऱ्हा, फक्त पुढचं आडनाव गळलेलं. टेलिफोनच्या यादीतसुद्धा माणसं पहिल्या नावाने लागतात, त्यामुळे मीही त्याला अर्नच म्हणतो. जन्म 1981 चा. राजधानी रेक्याविकच्या जवळ हाफ्नारफ्योर्दूर नावाचं बंदर आहे, तिथल्या क्लबात तो घडला. त्याचा प्रकार बॅकस्ट्रोक. आमच्या गावच्या भाषेत उताणं पोहणं.

1998 मध्ये शेफील्डला, 1999 मध्ये लिस्बनला आणि 2000 मध्ये वॅलेन्सियाला, अशी लागोपाठ तीन वर्षं 200 मीटर बॅकस्ट्रोकचं युरोपियन शॉर्ट कोर्स, म्हणजे 25 मीटरच्या तलावातलं, विजेतेपद त्याने घेतलं. पहिल्या वेळी तो 17 वर्षांचा होता. 2001 मध्ये जपानमधल्या फुकुओकाला जागतिक स्पर्धेत 100 मीटरमध्ये रौप्य आणि 200 मीटरमध्ये ब्राँझ. जागतिक स्पर्धेत पोहण्याचं पदक आइसलंडला तोवर मिळालेलं नव्हतं. मधे आलं सिडनी.

21 सप्टेंबर 2000, 200 मीटर बॅकस्ट्रोकची फायनल. बॅकस्ट्रोकची सुरुवात इतर प्रकारांसारखी वरून सूर मारून होत नाही. पोहणारे आधी पाण्यात उतरतात, ठोकळ्याच्या दांडीला दोन्ही हातांनी लटकतात, पाय भिंतीला टेकवतात आणि शरीराची गुंडाळी करून थांबतात. झाडाला लटकलेल्या वटवाघळांची रांग दिसावी तसं दिसतं. इशारा झाला की मागे झेप, मग पाण्याखालून लाटेसारखी कंबर हलवत जास्तीत जास्त 15 मीटर, आणि वर आल्यावर नजर छताकडे. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, पाण्यावर छोट्या झेंड्यांची माळ आडवी बांधलेली असते. ती डोक्यावरून गेली की इतके हात मारायचे आणि वळायचं, हे मोजमाप अंगात मुरलेलं असावं लागतं. एक हात चुकला तर डोकं भिंतीवर.

त्या रांगेत ओडेसात जन्मून अमेरिकेत आलेला लेनी क्रेझेलबर्ग होता, शर्यतीचा राजा. त्याच्याच संघातला 17 वर्षांचा ॲरन पिअर्सोल होता, ज्याचं राज्य पुढे यायचं होतं. घरच्या प्रेक्षकांचा मॅट वेल्श होता. आणि हा 19 वर्षांचा आइसलंडचा पोरगा. निकाल याच क्रमाने लागला. क्रेझेलबर्ग, पिअर्सोल, वेल्श, अर्न.

त्या वेळी आइसलंडची लोकसंख्या होती पावणेतीन लाखांच्या थोडी पुढे. आपल्या हिशेबात सांगायचं तर एक इचलकरंजी. इचलकरंजीचा मुलगा जगात चौथा आला.

या चौथ्या नंबरला आपल्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे: ‘थोडक्यात हुकलं.’ आपल्याकडे थोडक्यात हुकलेल्यांची मोठी परंपराच आहे. रोममध्ये मिल्खा सिंग, लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा. त्यांची नावं घेताना आपला आवाज जरा घोगरा होतो, जणू कुणी गेल्याची बातमी सांगतोय. आइसलंडमध्ये क्रीडा पत्रकारांची संघटना 1956 पासून दरवर्षी वर्षाचा खेळाडू निवडते. अर्नला तो मान तीनदा मिळाला: 1998, 1999 आणि 2001. सिडनीच्या वर्षी तो गेला वाला फ्लोसादोत्तिरकडे, कारण तिने पदक आणलं होतं. म्हणजे पदकाची किंमत त्यांनाही कळते. ती माणसं काही संत नाहीत. फरक एवढाच, की चौथा आला म्हणून अर्नची शोकांतिका कुणी केली नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा पाण्यात उतरला, जपानला जाऊन दोन पदकं घेऊन आला, आणि वर्षाचा खेळाडू पुन्हा तोच. पुढे अथेन्सलाही गेला, बीजिंगलाही गेला. फायनल पुन्हा गाठता आली नाही. कारकीर्द अशीच असते, चढते आणि उतरते. उतरलेल्या भागाला वायफळ म्हणणारे आपणच.

त्याच सिडनीत, त्याच तलावात, दोनच दिवस आधी इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी 100 मीटर पोहला होता. सोबतचे दोघं आधीच बाद झाले होते, त्यामुळे हा एकटाच. 50 मीटरचा तलाव त्याने त्याआधी पाहिलेलाही नव्हता. शेवटच्या लांबीत तो बुडतो की काय असं वाटत होतं. वेळ लागली 1 मिनिट 52.72 सेकंद. तो अख्ख्या जगात गाजला. वर क्रेझेलबर्ग गाजला, खाली मुसांबानी. मधल्या अर्नसाठी वर्तमानपत्रांकडे मथळाच नव्हता. छोट्या देशाकडून आपल्याला एक तर चमत्कार हवा असतो, नाही तर विनोद.

आता पहिला समज. ‘तिथे सगळेच पोहतात, त्यामुळे त्यांच्यातून चॅम्पियन निघणारच.’ पाया रुंद केला की कळस आपोआप उंच होतो, असं आपल्याकडचा प्रत्येक क्रीडा अधिकारी भाषणात सांगतो. आइसलंडने शाळेतलं पोहणं देशभर सक्तीचं केलं 1940 च्या कायद्याने. जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक आलं 2001 मध्ये. एकसष्ट वर्षं. मधल्या काळात गुडमुंडुर गिस्लासनसारखा माणूस 1960 ते 1972 अशी चार ऑलिम्पिकं पोहला, हे खरं. पण कळस काही आपोआप वर आला नाही. सिडनीनंतर ऑलिम्पिकमधल्या पोहण्याच्या फायनलमध्ये आइसलंडचं नाव पुन्हा दिसलं ते थेट 2016 ला रिओमध्ये, ह्राफ्नहिल्दुर लुथर्सदोत्तिरच्या रूपाने. तेही 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या त्या गाजलेल्या फायनलमध्ये, जिथे अमेरिकेची लिली किंग आणि रशियाची युलिया एफिमोवा एकमेकींना बोटं दाखवत होत्या. सगळे कॅमेरे त्या दोघींवर. ह्राफ्नहिल्दुर सहावी आली. 2012 ची विजेती रूटा मेलुटाइट तिच्या मागे, सातवी. याची बातमी रेक्याविकबाहेर किती छापून आली असेल, देव जाणे.

शिवाय ही ह्राफ्नहिल्दुर तयार झाली ती फ्लोरिडा विद्यापीठाच्या तलावात. चार ऑलिम्पिकं पोहलेला अँटन स्वेन मॅकी अलाबामा विद्यापीठात. म्हणजे पोहायला शिकवलं आइसलंडने, आणि धार लावली अमेरिकन कॉलेजांनी. कारण धार लावायला शेजारच्या लेनमध्ये आपल्याहून वेगवान माणूस रोज सकाळी लागतो. तो चार लाखांच्या आतल्या देशात कुठून आणायचा? हा पैशाचा प्रश्न असेलही, पण त्याआधी तो निव्वळ डोकी मोजण्याचा प्रश्न आहे.

तलावाच्या लांबीचाही एक मुद्दा आहे, तो मला मोठा गमतीचा वाटतो. अर्नची ही तिन्ही युरोपियन विजेतेपदं 25 मीटरच्या तलावातली. तिथे 200 मीटरमध्ये सात वळणं येतात. ऑलिम्पिकच्या 50 मीटरच्या तलावात तीनच. वळण म्हणजे भिंतीला लाथ, आणि लाथेनंतर पाण्याखालची फुकटची गती. ज्याचं वळण चांगलं त्याला छोटा तलाव मानवतो. आइसलंडमधले गावोगावचे तलाव बहुतेक 25 मीटरचे किंवा त्याहून लहान, कारण ते गावाने शर्यतीसाठी बांधलेलेच नाहीत. रेक्याविकच्या लौगारदालुर भागातल्या मोठ्या तलावाला छपराखालचा 50 मीटरचा हौद जोडला गेला तो 2005 च्या सुमारास, म्हणजे सिडनी होऊन गेल्यावर. त्याआधी 50 मीटर पोहायचे तर उघड्यावर, हिवाळ्यात गरम पाण्याच्या वाफेत. उताणं पोहणाऱ्याला तर वर सरळ रेषा धरायला छतही नाही. वर करडं आभाळ आणि तोंडावर पडणारा बर्फाचा भुगा. तरीही फुकुओकाच्या 50 मीटर तलावात त्याने दोन पदकं काढली, म्हणून माझा हा तर्क फार ताणणार नाही. पण छोट्या तलावात पहिला आणि मोठ्या तलावात चौथा, या दोन नंबरांत देशाने काय बांधलं होतं आणि काय बांधलं नव्हतं, तेही थोडं आलंच.

मग बांधलं तरी कशासाठी? इथे दुसरा समज मोडतो. आपल्याला वाटतं, की देश खेळावर पैसा घालतो तो खेळासाठी. आइसलंडमधलं पोहणं आलं मरणातून. तो मासेमारांचा देश. बोटी उलटायच्या, कित्येकदा किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, आणि अख्खा जन्म समुद्रावर काढलेले बाप्ये दोन हातांच्या अंतरावरून बुडायचे, कारण पोहता येत नसे. एकोणिसाव्या शतकातच तिथल्या शिकल्यासवरल्यांना हे खुपायला लागलं होतं. योनास हॅलग्रिमसन हा त्यांचा मोठा राष्ट्रीय कवी. त्याने 1836 मध्ये काय केलं असेल? पोहण्याच्या नियमांचं एक डॅनिश पुस्तक आपल्या भाषेत आणलं. मला ही गोष्ट फार आवडते. देशाला जाग आणायची तर कवीने आधी लोकांना तरंगायला शिकवावं, असं ज्या समाजाला वाटलं, त्याचं काहीतरी ठिकाणावर होतं.

नंतर जमिनीखालचं गरम पाणी कामी आलं. लौगारदालुरच्या झऱ्यांवर पूर्वी रेक्याविकच्या बायका कपडे धुवायला जात. जुन्या नॉर्स वळणाने शनिवारला तिथे आजही ‘लौगारदागुर’ म्हणतात, धुण्याचा, न्हाण्याचा वार. दक्षिणेत सेल्यावेल्लीरला डोंगराच्या कपारीत 1923 मध्ये तलाव बांधला तो परिसरातल्या मुलांना पोहायला शिकवता यावं म्हणून. आज देशात शंभराहून अधिक सार्वजनिक तलाव आहेत. आत शिरण्याआधी साबण लावून, कपडे उतरवून, सगळ्यांसमोर आंघोळ करावी लागते. पाहुण्यांची पहिली धांदल तिथेच उडते. मग गरम कुंडात गळ्याइतक्या पाण्यात बसून लोक नगरपालिकेला शिव्या घालतात. आपल्याकडे पारावर जे होतं ते तिथे कुंडात होतं. मंत्री, मच्छीमार, शाळामास्तर, सगळे चड्डीवर.

1984 च्या मार्चमध्ये वेस्टमन बेटांजवळ पाच जणांची एक मासेमारी बोट रात्री उलटली. तिघे उलट्या बोटीच्या पाठीवर चढले. बोट बुडायला लागल्यावर किनाऱ्याच्या दिशेने पोहत निघाले, आणि थोड्या वेळात एकटा गुडलौगुर फ्रिड्थोर्सन उरला. पाण्याचं तापमान पाच-सहा अंश. तो पाच-सहा तास पोहला, जागं राहायला समुद्रपक्ष्यांशी बोलत राहिला, किनाऱ्याला लागला तर समोर कडा, म्हणून पुन्हा पाण्यात उतरून दुसरीकडून वर आला, आणि अनवाणी लाव्हाच्या खडकांवरून चालत गावात पोचला. नंतर डॉक्टरांनी त्याला तपासलं तर अंगावरचा चरबीचा थर असामान्य जाड. नुसतं पोहता येतं म्हणून कुणी त्या पाण्यात सहा तास जगत नाही, हे कबूल. पण पोहता येत नसतं तर ती चरबी पहिल्याच मिनिटाला त्याच्यासोबत तळाला गेली असती. त्याच्या आठवणीत तिथले लोक दरवर्षी तलावात सहा किलोमीटर पोहतात. आइसलंडच्या पोहण्याचा नायक ठरवायचाच झाला तर अर्नला या माणसाशी स्पर्धा आहे, आणि त्यात अर्न पहिला येईल असं मला वाटत नाही.

मी पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. माझ्या आजोबांच्या वेळी सुका भोपळा असायचा. मामा पायरीवर बसून तंबाखू मळायचा आणि मी पलीकडच्या कपारीला हात लावून परत येईपर्यंत वर बघायचाही नाही. आठव्या दिवशी त्याने न सांगता डबा सोडला. पण त्याआधी त्याने एक शिकवलं होतं, ते आज कळतं. दमलास तर उताणा हो. कान पाण्यात बुडू देत, पोट वर काढ, आभाळ बघ आणि गप पड. विहीर तुला धरून ठेवते. आमच्यातले सूर मारणारे, मुटका मारून काठावरच्यांना भिजवणारे बहाद्दर पुष्कळ होते, पण मामाचा सगळा अभ्यासक्रम उताणं पडण्याचा. अर्नने जगात चौथा नंबर काढला तो याच गोष्टीत, फक्त तिला वेग दिला.

आता त्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे. बरोबरच आहे, दोन गावं सोडून एक पोरगा गेला होता. विहिरी गेल्या, नदीत पाणी कमी आणि घाण जास्त, आणि त्यांच्या जागी शिकवण्याची दुसरी सोय आली नाही. तालुक्याच्या ठिकाणी आमच्याकडे एक मोठा तलाव बांधला गेला, ऑलिम्पिकच्या मापाचा. उद्घाटनाला फुगे सोडले होते. तीन उन्हाळे चालला. मग शुद्धीकरणाचा पंप बिघडला, आणि पंपाच्या निविदेत कशाचा तरी वाद झाला. परवा गेलो तर खोल बाजूला पावसाचं हिरवं पाणी साचलेलं, उथळ बाजूला कुणीतरी चादरी वाळत घातलेल्या. निळ्या फरशीवर लेनच्या काळ्या रेघा मात्र स्वच्छ दिसत होत्या.

देशात दरवर्षी 35 हजारांहून अधिक माणसं अपघाताने बुडून मरतात, आणि त्या यादीत महाराष्ट्र वरच्या राज्यांत असतो. विसर्जनात, सहलीला धबधब्याखाली, शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरून, कपडे धुताना. शेततळ्याचं तर पाहवत नाही. कागद इतका गुळगुळीत की पोहता येणारासुद्धा वर येऊ शकत नाही, आणि वाचवायला उडी मारलेला भाऊही त्यातच जातो. पावसाळ्यात आतल्या पानावर रोज एक तरी बातमी असते, आणि तीत वाक्य ठरलेलं: ‘पाण्याचा अंदाज न आल्याने.’ अंदाज यायला कधीतरी पाण्यात उतरवावं लागतं. आपण आपल्या पोरांना पाण्याची भीती शिकवतो आणि तिलाच सुरक्षितता म्हणतो.

म्हणून मला त्या तक्त्याचा राग येतो. दर कोटीमागे पदकं, हा मुळात चुकीचा भागाकार आहे. एका देशाचे एका शर्यतीत दोन-तीन जणच उतरू शकतात, मग लोकसंख्या कितीही असो. छोट्या देशाला एक पदक मिळालं की तो आकाशात, नाही मिळालं की शून्य. याच हिशेबाने ज्यांनी आपल्या जवळपास प्रत्येक मुलाला पोहता करून दाखवलं तो आइसलंड पोहण्यात नापास ठरतो. भागायचंच असेल तर बारा वर्षांच्या शंभर मुलांपैकी किती जण खोल पाण्यात पाच मिनिटं जीव धरून राहतील, हे भागा. त्या परीक्षेत आपला नंबर कितवा येईल, हे विचारणारा तक्ता मला अजून कुणी पाठवलेला नाही.

यावर माझाच एक मित्र म्हणतो, की हे गरिबीचं समर्थन झालं. दोन्ही का नकोत? बरोबर आहे त्याचं. दोन्ही हवंत. पण दोन्ही म्हणजे दोन वेगळी कामं, वेगळ्या खर्चाची, हे आधी मान्य करायला हवं. आइसलंडनेच ते फुटबॉलमध्ये दाखवलं. खेळायला हिवाळ्यात मैदान नव्हतं, तर बंदिस्त हॉल बांधले, गावोगावी पात्रता मिळवलेले प्रशिक्षक नेमले, आणि 2016 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला 2-1 ने घरी पाठवलं. ते ठरवून केलेलं काम होतं. पोहण्यात त्यांनी ठरवलं होतं माणसं बुडू द्यायची नाहीत, आणि तेही झालं. अर्न हा त्यातून वर निघालेला आनंदाचा भाग. एय्ग्लो ओस्क गुस्ताफ्सदोत्तिरने 2015 मध्ये नेतान्याला युरोपियन शॉर्ट कोर्समध्ये बॅकस्ट्रोकची दोन ब्राँझ घेतली, ह्राफ्नहिल्दुरने 2016 मध्ये लंडनला युरोपियन रौप्य घेतलं, तेही तसंच. शाळेच्या तलावातून शेवटच्या पाऊण सेकंदापर्यंत जायचं तर वेगळी तिजोरी उघडावी लागते. ती उघडावी की नाही यावर वाद घालता येतो. पहिल्या कामाची तिजोरी मात्र वादाची गोष्ट नव्हे.

आपण नेमका उलटा गोंधळ करतो. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 ला, शाळेच्या वयात, बीजिंग ऑलिम्पिकला गेला. 2010 मध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. पोहण्यातलं आशियाई पदक भारताला त्याआधी मिळालं होतं 1986 मध्ये, खजान सिंगचं. सरकारने काय दिलं? तहसीलदाराची नोकरी. मायेने दिली, यात शंका नाही. आपल्याकडे माणसाचं भलं करायचं म्हणजे त्याला सरकारी खुर्चीत बसवायचं. पण सातबाऱ्याच्या फेरफारात आणि निवडणुकीच्या कामात सेकंदाचे शतांश कमी होत नाहीत. मधली काही वर्षं तलाव लांब राहिला. तरी पठ्ठ्या परत आला, 2018 मध्ये जाकार्ताला 50 मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये उतरला आणि चौथा आला. ब्राँझ हुकलं 0.01 सेकंदाने. नखाची लांबी म्हणा. पेपरांनी लिहिलं, थोडक्यात हुकलं. त्या एक शतांशाचा हिशेब कुठल्या कार्यालयात, कुठल्या टेबलावर लागला असेल, असं मला त्या दिवशी वाटून गेलं, आणि अजून वाटतं.

म्हणजे जे शाळेने करायचं ते आम्ही करत नाही, आणि जे तलावाने करायचं ते तहसील कचेरीवर सोपवतो.

खर्चाचं कारण सांगणारे भेटतील. 50 मीटरचा तलाव बांधायला आणि त्याहून अधिक म्हणजे चालवायला पैसे लागतात, हे आमच्या तालुक्याने सिद्ध करून दाखवलंय. पण चौथीच्या पोराला उताणं पडून श्वास घ्यायला शिकवण्यासाठी 50 मीटर लागत नाहीत, लेनच्या काळ्या रेघा लागत नाहीत, फुगेही लागत नाहीत. कमरेइतकं स्वच्छ पाणी लागतं, आणि काठावर एक माणूस, जो तंबाखू न मळता पोरांकडे बघेल. हौद आठ मीटरचा असला तरी चालेल.